कान

त्या गावाचं नाव कान.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते:
मग शेजारी नाक असेल, पुढच्या वळणावर घसा.
"फ्रान्समध्ये आहे," याकूब म्हणाला, एवढ्या गंभीरपणे
की जणू त्यानंच ते वसवलंय.

अकरा उन्हाळे गेला तो तिथं.
अरबाबचं कुटुंब विमानाच्या पुढच्या भागात, हा शेपटाकडं,
गाडी आधीच बोटीनं रवाना.
मी हर्णैला, सासूच्या गुडघ्यांना तेल चोळत.
फोन शेजाऱ्यांकडं यायचा. तीन मिनिटांत
तो मला अख्खा समुद्र सांगायचा,
मागं शेजारीण कांदा चिरत ऐकायची.
असं मी ते गाव पाहिलं. कानानं.

आज शुक्रवार. त्याच्या स्कूलबसला सुट्टी, माझ्या डब्यांनाही.
शारजाहून पहाटे निघालो खोरफक्कानला,
आमच्या जुन्या सनीत, जिचा उजवा आरसा
मी मागच्या वर्षी एका खांबाला वाहिला,
आता टेपवर तग धरून आहे.
धैदच्या पंपावर करक चहा. मांडीवर फडक्यात घावणे
आणि जवळ्याची चटणी,
जिचा वास एसीत शिरला तो शिरलाच.

मग डोंगर. काळपट, उघडे,
चुलीत विझून राहिलेल्या लाकडांसारखे.
बोगदा, उजेड, बोगदा, उजेड,
आणि याकूबला कान आठवायला लागलं.
"अशीच वळणं. फक्त तिथं झाडं."
"समुद्र असाच येतो, न सांगता."
आला.

"हे समज ते पांढरं हॉटेल.
ह्या समज त्या पायऱ्या, लाल गालिचा घालतात त्या.
इथं नट्या उतरतात, इथं फोटोवाले एकमेकांच्या पायावर."
मी समजत गेले:
शावर्माचं दुकान, बर्फाच्या पेट्या उतरवणारे दोघं,
रबरी चाक गळ्यात घालून पळणारं एक पोर.

"आणि तू कुठं उतरायचास?"
"मी कशाला उतरू?"

मग हळूहळू निघालं,
की त्या गावात सावली कुठल्या भिंतीला किती वाजता पडते
ते त्याला अजून पाठ आहे.
हातभर लांब पाव तो गाडीतच खायचा, आंब्याच्या लोणच्याशी,
आणि मादाम यायच्या आत खिडक्या उघडून वास घालवायचा.
फुकटची मुतारी एकच, चढावर, चर्चमागं.

"पाणी गार होतं का?"
तो गप्प.
इंजिन चालूच होतं. गाडी लावून पाच मिनिटं झाली होती
आणि हा उतरलाच नव्हता.
हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या हॉटेलच्या दारावर,
कुणीतरी बाहेर यायचंय अशी.
"समुद्र आरशात दिसायचा," म्हणाला.
"डावीकडचा उजवीकडं."

मी चावी फिरवली, काढली, पर्समध्ये टाकली.
बोलले नाही काही. मलाच सुचलं नाही.
पुळणीवर त्यानं मोजे काढले, नीट घडी केले,
एकेक बुटात एकेक.
घोट्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला,
एक्कावन्न वर्षांचा, हर्णैचा माणूस, पँट दुमडलेला,
जणू पाण्याला विचारूनच पुढं जायचंय.
मी मागून ढकलला.

परतताना मी चालवायला बसले.
तिसऱ्या परीक्षेत मिळालेलं लायसन;
तिसऱ्या, हे तो सगळ्यांना सांगतो.
"मागं बस," म्हटलं.
बसला, पण सीटच्या कडेला, केव्हाही उठावं लागेल असा.
"साहेब, कुठं?"
"आधी इंडिकेटर दे."

चढाला लागलो तेव्हा पाहिलं मधल्या आरशात:
झोपला होता, तोंड उघडं, पायाला वाळू,
आणि त्याच्यामागं काचेत समुद्र, वितीएवढा,
डावीकडचा उजवीकडं.
वाईट नव्हता दिसत.
पुढं बोगदा होता. मी दिवे लावले.